पुनाचं इंजिन

पारोळ्याच्या बाजूच्या एका गावात तोताराम बैसाणे कोतवाल होता. गावातली टवाळ मंडळी म्हणायची, बापानं नाव अगदी जोखून ठेवलंय. चावडीनं पढवायचं आणि यानं गावभर बोलायचं. तोताराम हसून सोडून द्यायचा, कारण मनातून त्याला ते खरंच वाटायचं. गुरांना लस टोचायला डॉक्टर येणार असो, कालव्याचं पाणी सुटणार असो की कुणाची म्हैस हरवलेली असो, चावडीवर तलाठी भाऊसाहेब जे सांगतील ते तो डोक्यात घ्यायचा, डफडं गळ्यात अडकवायचा आणि निघायचा. त्याला वाचता येत नव्हतं. पण एकदा कानावर पडलेलं नाव त्याच्या तोंडून कधी चुकलं नाही.

त्याच्या बौद्धवाड्यातली शिकलेली पोरं त्याला टोकायची. "आबा, ते डफडं जाळी टाका. बाबासाहेबस्नी कसासाठे सांगं व्हतं?" त्यावर तोतारामचं उत्तर ठरलेलं. "हाई सरकारी नोकरी शे भो, भीक नही." पोरांना ते पटत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यालाही पुरतं पटत नसे. पण एक गोष्ट होती, ती त्यानं कुणाला बोलून दाखवली नव्हती. चावडीवर त्याला बसायला पोत्याचा तुकडा मिळायचा, पाटलाच्या ओट्यावर तर तेवढाही नाही. मात्र डफडं वाजवत तो ज्या दारासमोर उभा राहायचा, त्या दारातल्या माणसाला बाहेर यावंच लागायचं. मग तो कितीही मोठा असो.

ही रीत त्याच्या बापाची, सोनू कोतवालाची. नाव घेऊन पुकारायचं तर चौकात ओरडून पळ काढायचा नाही, असं सोनूनं पोराला शिकवलं होतं. ज्याचं नाव त्याच्या दारात जायचं, तिथं पुकारायचं, आणि आतून माणूस येऊन "आयकं" म्हणेपर्यंत पाऊल हलवायचं नाही. 'आयकं' म्हणजे ऐकलं. एकदा तो शब्द निघाला की उद्या कुणाला कानावर हात ठेवायची सोय नाही. मेलेल्या माणसाचं नाव कधी पुकारायचं नाही. त्याला 'आयकं' म्हणता येत नाही, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याला हाक मारणं हे पाप. आणि हुकमाशिवाय डफड्याला हात लावायचा नाही. "डफडं कोनं बी राहो, आवाज सरकारना," असं सोनू म्हणायचा.

ठेकेही वेगळाले होते. लशीचा ठेका घाईचा, जत्रेचा उड्या मारणारा. वसुलीचा मात्र जड, मध्ये दम खाणारा. तो ठेका आळीच्या तोंडाशी वाजला की बाया पितळी हंडे पदराखाली घेऊन शेजारच्या घरात पोचवायच्या, कारण नाव घेऊन पुकारायचं ते फक्त बाकीदारांनाच. शेतसारा थकला, सोसायटीचा हप्ता थकला, की दारात डफडं यायचं आणि मागोमाग जप्ती यायची. तोतारामनं स्वतःच्या मामाच्या दारातही हा ठेका वाजवला होता. मामा वर्षभर बोलला नाही, पण 'आयकं' म्हणाला होता.

तोतारामचा धाकटा भाऊ पुना. ज्वारीच्या वावरात त्याला साप चावला, आणि पारोळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता तीन वर्षं झाली होती. मागे राहिली बायको भिकुबाई आणि नाल्याकाठचं चिंचोळं वावर. मुलगी पिंपळनेरकडे दिलेली. भिकुबाई मजुरीला जायची, वावरात बाजरी-मूग काढायची आणि कुणापुढं हात पसरायची नाही. तोताराम तिचा जेठ, थोरला दीर, म्हणून ती त्याच्यासमोर कधी बोलली नाही. तो आळीत दिसला की पदर कपाळाखाली यायचा आणि ती भिंतीकडे तोंड करायची. काही सांगायचं झालंच तर तोतारामच्या बायकोच्या, द्रौपदाबाईच्या तोंडून. लग्न होऊन आली तेव्हापासून जेठानं तिचा आवाज ऐकला नव्हता.

त्या वावराला लागून जीवराम नानांचं वावर. नाना मोठे बागायतदार, सोसायटीत वजन असलेले, बोलायला मऊ. मधली ती चिंचोळी पट्टी मिळाली असती तर त्यांचं वावर थेट नाल्याला भिडलं असतं. पुना असताना त्यांनी दोनदा विचारलं होतं, पुनानं दोनदा नाही म्हटलं होतं. दोन वर्षांपूर्वी नानांच्या विहिरीवर नवंकोरं ऑइल इंजिन आलं. त्याची फटफट सकाळ-संध्याकाळ गावभर ऐकू जायची. नानांनी घेतलं असेल, असं लोक म्हणाले, आणि आपापल्या कामाला लागले.

एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तालुक्याला नवे साहेब आले. तरुण होते, गावोगाव जीपमधून हिंडायचे. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली होती. सरकार लहान शेतकऱ्यांना फवारणीच्या पंपासाठी, इंजिनासाठी, बैलजोडीसाठी एवढं अनुदान देतं, ते कुणाला मिळालं हे गावाला कळलंच पाहिजे. त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक गावात अनुदान मिळालेल्यांची नावं दवंडी पिटून सांगायची. हुकूम चांगलाच होता. आजवर थकवणाऱ्याचं नाव गावभर झालं होतं. घेणाऱ्याचं नाव सरकारनं, बायकोनं नवऱ्याचं नाव जपावं तसं जपलं होतं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. पण साहेबांना एक ठाऊक नव्हतं. नाव घेऊन दारात येणाऱ्या डफड्याचा गावात एकच अर्थ होता.

भाऊसाहेबांनी तोतारामला चावडीवर बोलावलं आणि नावं सांगायला सुरुवात केली. तोताराम मान हलवत एकेक नाव मनात ठेवत होता. मध्येच त्याची मान थांबली.

"काय म्हनात भाऊसाहेब?"

"पुना सोनू बैसाणे. ऑइल इंजिन."

"पुना ते मरी गया. मन्हा सख्खा भाऊ. त्यानी कोठे इंजिन लिधं? त्याले साधी मोट बी नही व्हती."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मेला असेल. कागदावर अंगठा आहे."

"कोना?"

"अंगठ्याला तोंड असतं का तोताराम? मी इथं नवा. वरून आलेलं आहे ते मी सांगतो, तू पुकारतोस. उद्या अहवाल पाठवायचाय. एकदा फेरी मार आणि मोकळा हो." मग जरा पुढं वाकून ते म्हणाले, "आणि फार बोंबलू नकोस. खालच्या आवाजात घे."

जीवराम नानांचं नाव भाऊसाहेबांनी सांगितलेल्या नावांत नव्हतंच. असायचं कारणच नव्हतं. म्हणूनच दवंडीला नानांची काही हरकतही नव्हती.

तोताराम निघाला. आळीच्या तोंडाशी त्यानं काठी उचलली आणि क्षणभर थांबला. अनुदानाचा ठेका कोणता? बापानं तो शिकवलाच नव्हता. बापाच्या हयातीत असलं काही कुणी पुकारलंच नव्हतं. मग हातानं आपला जुना रस्ता धरला. नाव घ्यायचं म्हणजे वसुलीचा ठेका. डफडं जड वाजलं, दम खाल्ला, पुन्हा वाजलं.

आळीत धावपळ उडाली. सुंदरबाई हंडा घेऊन मागच्या दारानं पळाली. चिंधा अहिरेला फवारणीचा पंप खरोखरच मिळाला होता, आणि तो मिळाल्याचा त्याला आनंदही होता. तोतारामनं दारात उभं राहून "चिंधा भिला अहिरे, फवारनी पंप, सरकारी अनुदान" असं पुकारलं, तसा चिंधा पंप पाठीवर घेऊन बाहेर आला आणि तो तोतारामच्या पायाशी ठेवला. "ली जाय रे भाऊ. दोनच डाव वापरा. माले नको." तोताराम सांगतोय, अरे हा तुझाच आहे, कुणी मागत नाही, आणि चिंधा हात जोडतोय. बघणारे हसले. तोतारामही हसला, पण त्या हसण्यात त्याचा जीव नव्हता, कारण पुढच्या वळणावर वाडा होता आणि वाड्यात पुनाचं दार.

त्या दारासमोर तो थांबला. आत भिकुबाई जात्यावर होती, घरघर बाहेरपर्यंत ऐकू येत होती. बापाची आठवण झाली. मेलेल्याला हाक मारू नको. पण हुकूम होता. त्यानं डफडं वाजवलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "पुना सोनू बैसाणे. ऑइल इंजिन. सरकारी अनुदान."

जातं थांबलं. आतून कुणी आलं नाही. 'आयकं' म्हणणारा स्मशानात जाऊन तीन वर्षं झालेली, आणि आत होती ती जेठासमोर तोंड उघडणारी नव्हती. तोताराम थोडा वेळ उभा राहिला. मग उत्तर न घेताच निघाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं असं केलं, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढची नावं त्यानं कशीबशी उरकली.

दोन दिवसांनी जीवराम नाना भिकुबाईच्या ओट्यावर येऊन बसले. बोलणं झालं ते द्रौपदाबाईला भिकुबाईनंच सांगितलं, आणि द्रौपदाबाईनं भाकरी थापताथापता नवऱ्याला.

"नाना म्हनतस, पुनानी गुपचूप इंजिन लिधं व्हतं आनि ईकी खादं. आते त्यानी बाकी निंघनी. तुन्हा दारसे डफडं वाजनं, म्हंजे जप्ती ई. वावर मन्हा नावे करी दे, सरकारनं मी दखी लेसू. सोमवारे पारोळाले जाई ऱ्हायनी ती, नानानासंगे. अंगठा दी टाकी."

तोतारामच्या हातातली भाकरी हातातच राहिली. जिथं माणसाला साप चावला, तिथंच त्याच्या नावाला नाना चावले होते. आणि विष चढवायला डफडं तोतारामचं. त्याला ओरडावंसं वाटलं. ओरडला नाही, सवय नव्हती.

"जाय, तिले सांग," तो म्हणाला. "कर्ज नही शे ते. अनुदान शे. कोनले काहीच फेडानं नही. इंजिन कोना हीरवर शे ते बठ्ठा गावले दखास."

द्रौपदाबाई गेली आणि तशीच परत आली.

"काय म्हने?"

"म्हने, अक्का, दादास्नी दारम्होरे उभं राहीन डफडं वाजाडं. वसुलीना ठेका मी आयका. दादास्नं डफडं कधी खोटं बोलनं का?"

त्याच्या बापानं आणि त्यानं उभी हयात घालून गावाला एवढी एकच गोष्ट पटवली होती. तीच आता भिकुबाईचं वावर घेऊन चालली होती. आता घरात बसून, बायकोच्या तोंडून, पदराआडून काहीही सांगितलं तरी ते डफड्यापुढं टिकणार नव्हतं. जे पुकारलं गेलं ते पुकारूनच मागे घ्यावं लागणार होतं.

तो चावडीवर गेला. "भाऊसाहेब, एक डाव परत पुकारू द्या. हाई कर्ज नही शे, इतलंच सांगस."

"दवंडी झाली, अहवाल गेला. आता कसला हुकूम?"

"मंग मन्हा भाऊनं इंजिन कोठे शे, ते तुम्ही साहेबले सांगा."

भाऊसाहेबांनी दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे. वाईट माणूस नव्हता तो, भित्रा होता. "तोताराम, मला इथं नोकरी करायचीय. तुलाही करायचीय. हुकमाशिवाय डफड्याला हात लावलास तर मला वर लिहावं लागेल. तुझी कोतवाली नानांच्या एका शब्दावर आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. म्हणूनच रविवारचा अख्खा दिवस तोतारामचा वाईट गेला. तो भीत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. कोतवाली गेली की या वयात दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायचं. शिवाय डफड्याशिवाय आपण कोण, हे त्याला माहीत नव्हतं. दुपारी पारावर पोरांनी त्याला गाठलं. "आबा, नानानं नाव पुकाराना का आते?" एकजण हसला. इंजिनाची फटफट तेवढी येत होती. दोन वर्षं तो ती ऐकत होता. आज पहिल्यांदा त्याला ती सहन होईना. भावाचं नाव घेऊन ते यंत्र दुसऱ्याचं पाणी उपसत होतं.

सोमवारी सकाळी त्यानं चुलीच्या जाळावर डफडं धरलं. कातडं ताणलं जाईपर्यंत फिरवलं, बोटानं वाजवून बघितलं. द्रौपदाबाईनं विचारलं, "हुकूम उना का?" त्यानं मान हलवली नाही. कोतवालाचा बिल्ला मात्र छातीवर लावला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून कोनाड्यात ठेवला.

नानांचं घर फाट्याच्या रस्त्यावर. पारोळ्याला जाणारी एसटी यायची होती. भिकुबाई धुतलेलं लुगडं नेसून, कागदांची पुरचुंडी मांडीवर घेऊन नानांच्या ओट्याखाली जमिनीवर बसली होती. नाना आत कपडे करत होते. तेवढ्यात आळीच्या टोकाला डफडं वाजलं.

वसुलीचा ठेका नव्हता तो. जत्रेचा होता. जत्रेला अजून अवकाश होता, म्हणून लोक नुसतं बघायला बाहेर आले. चिंधा आला, सुंदरबाई आली. या वेळी हंडा आतच राहिला. तोताराम कुणाच्या दारात न थांबता सरळ चालत आला आणि जीवराम नानांच्या दारासमोर उभा राहिला. भिकुबाईचा पदर कपाळाखाली आला.

"आयका हो आयका!" त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला. "पुना सोनू बैसाणे! सरकारी अनुदान, ऑइल इंजिन! कर्ज नही शे! कोनले एक पैसा फेडानं नही! जप्ती नही!"

नाना सदऱ्याच्या गुंड्या लावत बाहेर आले. त्यांचा आवाज अजून मऊच होता. "तोताराम, डोकं फिरी गयं का? पुनानं घर तिकडे शे."

"घर तिकडे शे नाना," तोताराम म्हणाला. "इंजिन आठे शे."

कुणी हसलं नाही. विहिरीकडून फटफट येत होती, आणि ती सगळ्यांना एकदमच ऐकू आल्यासारखं झालं. खरं तर ती रोजच ऐकू येत होती. कोंबडं झाकलेलं नव्हतंच. गावानंच डोळे झाकले होते.

"कोना हुकूम शे?" नानांनी विचारलं. आता आवाज मऊ नव्हता.

सोनू कोतवालाच्या पोराला या प्रश्नाचं खोटं उत्तर देता आलं नाही. "हुकूम नही शे."

तेवढ्यावर त्याची कोतवाली गेली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीच भाऊसाहेबांनी वर लिहिलं, आणि डफडं दुसऱ्याच्या गळ्यात गेलं. पुढं चौकशीही आली, नानांच्या ओट्यावर चहा पिऊन परत गेली. इंजिन होतं तिथंच राहिलं. नव्या साहेबांची बदली झाली आणि अनुदानाची नावं गावात पुन्हा कधी पुकारली गेली नाहीत. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी तोताराम फक्त उभा होता. रीत होती तसा, उत्तराची वाट बघत. ज्याच्या दारात नाव पुकारलं, त्यानं 'आयकं' म्हणायचं. नाना बोलले नाहीत. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर पुनाचं इंजिन आपल्या दारात असल्याचं कबूल झालं असतं. ते तोंड मिटून उभे राहिले, आणि तोतारामही हलला नाही. ऊन त्याच्या अंगावर आलं.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

"चाल भिकुबाई," नाना म्हणाले. "गाडी जाई."

भिकुबाई उठली. पुरचुंडी काखेत घेतली, लुगड्याची धूळ झटकली. तोतारामनं डोळे मिटले. त्याला वाटलं, संपलं. पण तिच्या पावलांचा आवाज फाट्याकडे गेला नाही. तो त्याच्या जवळ आला, अगदी बाजूला, जिथं लग्न होऊन आल्यापासून ती कधी उभी राहिली नव्हती. तिनं पदर मागं सारला आणि नानांच्या दाराकडे तोंड केलं. जन्मात कधी न घेतलेलं नवऱ्याचं नाव तिनं गावादेखत, मोठ्यानं घेतलं.

"पुना सोनू बैसाणे," ती म्हणाली. "त्या मरी ग्यात. मी शे ना. मी आयकं, दादा."